पुढच्या चाकांची तपासणी

४ मार्च

ट्रक आज पोलिसांकडून ताब्यात मिळाला. ओढून नेणाऱ्या गाडीवर चढवताना बघवलं नाही, पाठ करून उभा राहिलो. ड्रायव्हरच्या बाजूचं छप्पर पार बसलंय. खाली मात्र चारही चाकं जागच्या जागी. उंच, धडधाकट. त्यांचाच राग आला.

घरी हिनं विचारलं, "कुठे ठेवला?" म्हटलं, अलाइनमेंटवाल्याकडे. "नीट तपासून घ्या. आणि मग त्याला सोडू नका."

तो म्हणजे माझा भाचा, ताईचा मुलगा. पोरानं हौसेनं घेतलेला जुना पिकअप ट्रक उंच स्प्रिंगा घालून वर उचलून दिला तो त्यानंच, स्वतःच्या गॅरेजात. त्याच ट्रकमधून पोरगा गेला. दिवसाउजेडी, सरळ रस्ता, समोर कोणी नाही. मागून येणारा दूधवाला सांगत होता – आधी पुढची चाकं थडथडली, मग गाडी झोकांड्या खात रस्ता सोडून गेली आणि उलटली.

६ मार्च

अलाइनमेंटवाल्याला बाजारात सगळे ओळंबा म्हणतात. दुकानात मशीन आहे, तरी हा आधी दोरी ताणतो, ओळंबा सोडतो. तोंडाची टकळी चालूच. "साहेब, मशीन सांगतं किती वाकडं. दोरी सांगते कोणाच्या बापानं वाकडं केलं."

मग जीभ चावली. मीच बाप, हे त्याला तेव्हा आठवलं असावं.

७ मार्च

ऑफिसला गेलो. सगळे हळू बोलतात. न मागता टेबलावर चहा येतो. गार झाला की उचलूनही नेतात.

१० मार्च

ओळंब्यानं वाकून दाखवलं. पुढचा ॲक्सल एका बाजूला सरकलाय. त्याला जागेवर धरणारा एक आडवा दांडा असतो. गाडी उंच केली की तो अपुरा पडतो आणि ॲक्सलला आपल्याकडे ओढतो. स्टिअरिंगची दांडीही फार तिरकी झालीय, म्हणजे खड्ड्यात चाक उचललं की गाडी आपली आपण वळणार. आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येतं ते चाकांना मागे थोडा कल दिलेला असतो म्हणून. तो कल जवळजवळ संपलाय.

"ही गाडी सरळ चालत नव्हती, साहेब. तुमचा मुलगा तिला सरळ ठेवत होता."

घरी येऊन हिला सांगितलं, काम चुकीचंच झालंय. आज बऱ्याच दिवसांनी ती पोटभर जेवली.

११ मार्च

ताईचा फोन. उचलला नाही.

१५ मार्च

भाच्याकडे गेलो. शटर अर्धं खाली. आत तो एकटा, नुसता बसलेला. मला बघून उठला, बाहीनं स्टूल पुसलं. "या, मामा."

विचारलं, ट्रकचं काम तूच केलंस?

"हो."

दांडा बदलला नाहीस?

"नाही."

का?

"चुकलं. तुम्ही तक्रार द्या, मामा. मी नाही म्हणणार नाही."

भांडायची तयारी करून गेलो होतो. माणूस इतकं सरळ कबूल करतो तेव्हा काय करायचं? परत येताना बसमध्ये रडू आलं. शेजारच्या बाई उठल्या आणि खिडकीची जागा मला दिली.

१९ मार्च

ओळंब्यानं बोलावून घेतलं. म्हणाला, "तुम्हाला त्या दिवशी सांगितलं ते अर्धंच होतं."

ट्रकची उंची दोनदा वाढवलीय. पहिलं काम सुबक. लांब दांडा घातलाय, त्या उंचीच्या बरोबर मापाचा. त्यानंतर कोणीतरी स्प्रिंगांवर जाड चकत्या कोंबून गाडी आणखी वर नेली आणि बाकी काही बदललं नाही. म्हणून लांब घातलेला दांडाही अपुरा पडला.

म्हणजे भाचा खोटं बोलला. दांडा त्यानं बदलला होता.

मग बोल्ट दाखवले. भाच्याची एक सवय आहे. बोल्ट आवळून झाला की बोल्ट आणि शेजारचं लोखंड मिळून एक पिवळी रेघ मारतो. बोल्ट जरा फिरला तरी रेघ तुटते, लगेच कळतं. यावरून बाजारात त्याला रंगारी म्हणून चिडवतात. चकत्यांसाठी उघडलेल्या सगळ्या बोल्टांवर रेघा तुटलेल्या. नवी एकावरही नाही. दांड्याचा बोल्ट ढिला, भोक लांबट झालेलं, आतून घासून चकचकीत.

"हे अपघातात झालेलं नाही. कित्येक दिवस हलत होतं. आणि रंगाऱ्याच्या घराला आग लागली तरी तो रेघ मारल्याशिवाय गाडीखालून निघायचा नाही. हा हात दुसऱ्याचा आहे, साहेब."

कोणाचा, ते मी विचारलं नाही.

२० मार्च

पुन्हा भाच्याकडे. रेघांचं सांगितलं. हातातलं फडकं पिळत बसला.

"कशाला उकरता, मामा?"

मग बोलला. पोरगा अपघाताच्या आठवड्यातच ट्रक घेऊन आला होता, स्टिअरिंग थरथरतं म्हणून. भाच्यानं खाली वाकून बघितलं, म्हणाला, आत्ताच्या आत्ता काढ या चकत्या. पोरगा हसला. "दादा, तू म्हणजे म्हातारा झालास. रविवारी आणतो, तेव्हा काढ."

"किल्ली काढून घ्यायला हवी होती मी. तेवढं केलं नाही."

मग स्वतःवर का घेतलंस?

"मामीला कोणावर तरी राग काढायला हवा ना. माझ्यावर काढू दे. त्याच्यावर कसा काढेल?"

मला त्याच्याकडे बघता आलं नाही. मी याला जेलमध्ये घालायला निघालो होतो.

२१ मार्च

पोरानं स्वतःच त्या चकत्या – पुढे लिहवत नाही.

२३ मार्च

ही रोज विचारते, ठाण्यात कधी जायचं. काहीतरी सांगून टाळतो. खरं सांगितलं तर तिच्याकडे काय उरेल? नाही सांगितलं तर ताईचा मुलगा हकनाक मरेल, शटरमागे बसून बसून. दोन्हीकडून माझंच घर जळणार. आज ऑफिसात एकच कागद दिवसभर समोर धरून बसलो होतो.

२६ मार्च

ताई दारापर्यंत आली होती म्हणे. हिनं दार उघडलं नाही. ताई जिन्यात बसून राहिली आणि मग गेली, असं खालच्या मजल्यावरच्यांनी सांगितलं.

२७ मार्च

सांगितलं. एवढंच, की भाच्याची चूक नव्हती, मी तक्रार देणार नाही. कोणाची होती ते सांगितलं नाही.

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हात थांबला नाही.

"माहीत आहे मला. त्या चकत्या घालताना बॅटरीचा उजेड मीच धरला होता. गाडीखालून सारखा म्हणत होता, आई, हात हलवू नकोस."