दहिवरावरचा शाळू

मार्गशीर्ष व. ९, सोमवार. सोलापूर
पुन्हा दादाचं तेच. ज्वारीचा शाळू कापायचा नाही म्हणजे नाही. पाऊस दसऱ्याआधीच गेला, पीक गुडघ्याएवढं, गोठ्यात दोन्ही बैल अर्धपोटी. किती निरोप धाडले, हिरवं कापून बैलांपुढं टाक, निदान जित्राबं तरी वाचतील. उलट निरोप आणला रसूलभाई गाडीवानानं, तोही हसत. "तुजा भाऊ म्हंतो, गिरनीत बसून शेती करनाऱ्याला काय कळतंय." दिवसभर डोकं मागापेक्षा जास्त खडखडत होतं. सूत तुटलं, खात्यावरच्या मुकादमाच्या, जॉबरच्या शिव्या खाल्ल्या. हितंही जीव लागत नाही, तिकडंही...

व. १२, गुरुवार
येळवसेसाठी, अमावस्येच्या रानपूजेसाठी रजा मागितली. जॉबर म्हणाला, "पीक न्हाय म्हंतोस आन् रानात जेवायला चाललास व्हय रं?" जेवायला नाही, कापायला चाललोय म्हणालो. ठरवलंच आहे.

व. १४, शनिवार. गावी
मंगळवेढ्यापर्यंत मोटार, पुढं चालत. बैलांच्या बरगड्या दिसतात. वहिनीनं भाकरी वाढली, दादा बोलेना. उद्या कापतो म्हणालो तेव्हा तोंड उघडलं. "उद्या रानाची वटी भरायची, आन् तू त्याच रानाला इळा लावनार?"
मनात म्हणालो, लावणार.

अमावस्या, रविवार
भोंगा नाही तरी गिरणीच्या वेळेलाच जाग आली. विळा घेऊन एकटाच रानात. नुकतं फटफटत होतं, दात वाजत होते. शाळूचं पहिलं ताट बुडाशी धरलं तर कोपरापर्यंत बाही भिजली. खाली वाकून बघितलं. पानापानावर दहिवर, दवाचे थेंबच थेंब. पान पन्हाळीगत, त्यातून थेंब घरंगळत मधल्या कोंबाच्या पोग्यात, तिथून ताटाला धरून मुळाशी. भोवती भुईला हात जाईल एवढ्या भेगा, अन् ताटाच्या बुडाशी मूठभर माती काळी, ओली. दुसरं ताट बघितलं. तेही. कान दिला तर साऱ्या रानात बारीक टपटप. वर ढगाचा ठिपका नाही. ह्यांना पाजतंय कोण? ह्याच रानात लहानाचा मोठा झालो अन् हे कधी...
उठवेना तिथून.
मागं दादा उभा. भांडेल वाटलं. "घोंगडं तरी घ्यायचं," एवढंच.
"दादा, रोज पडतं हे?"
"थंडी हाय तवर पडतंय की."
दुपारी येळवस. पूजेच्या खोपटाला, कोपीला यंदा कडबा नाही, वहिनीनं जुनं लुगडं टाकून कोप केली. पांडवांच्या पाच दगडांना चुना लावला, ओटी भरली. आंबिलीचं मडकं दादाकडं, मी मागून त्यातली आंबील पिकावर शिंपडत गेलो, बांधापर्यंत. जेवताना दादा म्हणाला, "मग बैलांचं कसं करायचं, सांग." आजवर मला कधी काही विचारलं नव्हतं त्यानं.

पौष शु. ३, बुधवार. सोलापूर
जॉबर: "कापलास?"
न्हाय म्हणालो. थंडी वाढली पाहिजे आता.
"येडा झालास काय," म्हणाला. चाळीतले सगळे शेकोटीला चिकटून थंडीला शिव्या देतात, मी पहाटे पत्र्यावर हात फिरवून बघतो. ओला असतो. तिकडं रानातही पडत असेल. कणसं भरतील का, दादालाही सांगता येत नाही. आभाळ आलं, ऊब धरली की दहिवर संपलं. तोवर बैलांना विकतचा कडबा. कोटासाठी साठवलेले मोडले, कोट पुढच्या साली शिवू. दादाच्या नावे मनीऑर्डर, रुपये सात.