झुंबरबाईंचा अंगठा आणि माझी पद्धत

सोमवार, ८ जानेवारी १९७९
दुरुस्ती. शुक्रवारच्या नोंदीत ‘वर्गाला चौदा जणी हजर’ असे लिहिले. चूक. नऊ. चार जणी वर्गात कोण कोण बसले आहे ते बघायला आल्या होत्या, आणि अंबूबाईंना मी दोनदा मोजले, कारण मध्ये त्या दूध तापवून परत आल्या. खोटा आकडा तीन दिवस टोचत होता. आता बरे वाटते.

(मुले वेगळी. सात. आयांच्या पाट्यांवर कोंबड्या काढतात.)

प्रौढ साक्षरतेचा हा वर्ग राजारामपुरीच्या मागे, तालमीच्या ओट्यावर, दुपारी तीन ते पाच. आत कुस्तीच्या लाल मातीच्या हौद्याकडे बायकांनी जायचे नाही, म्हणून ओटा. ओटा रस्त्याला लागून. येणारे-जाणारे आमच्या पाट्या तपासतात.

आज झुंबरबाई वर्गानंतर थांबल्या. चार घरची धुणीभांडी करतात. नवरा नाही. वडील गेल्या वर्षी वारले. कुरुंदवाडचा भाऊ बाळासो ‘हक्कसोडीचा’ कागद करतोय, म्हणजे वडिलांच्या जमिनीतला बहिणीचा वाटा सोडून द्यायचा. साडीचोळी करून अंगठा घेतात म्हणे. झुंबरबाई म्हणाल्या, “बाई, त्यात काय लिवलंय ते माझं मला कळाय पायजे. एवढं शिकवा की.”

यालाच मी प्रेरणा म्हणते! लगेच आखणी केली. छत्तीस पाठ. उभ्या रेघा, आडव्या रेघा, गोल, मुळाक्षरे, बाराखडी, जोडाक्षरे, मग कागद. शेवटचा पाठ शनिवार, १० मार्च.

शुक्रवार, १२ जानेवारी
उभ्या रेघा. झुंबरबाईंच्या सरळ येतात, पण खाली जाताना घाई दिसते. पुन्हा काढायला लावल्या. पहिली चार वर्षे मला दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घरीच शिकवले आणि त्यातला पहिला महिना नुसत्या रेघा. त्यामुळे माझा पाया पक्का आहे. (पाचवीत शाळेत घातले तेव्हा मी मोठ्याने वाचायला उठले आणि रडले. पण ते वेगळे.)

झुंबरबाई म्हणाल्या, “भाऊ कागद घिऊन येणार हाय बाई, रेघोट्या न्हाय.” मी शांतपणे पद्धत समजावली. अंबूबाई म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे गं. तू गोलात पोचंस्तवर तिकडं त्यो ऊस तोडून नवा लावतोय.” सगळ्या हसल्या. हसण्याने वर्गात मोकळेपणा येतो असे शिक्षिकांच्या मार्गदर्शिकेत आहे. म्हणून मी रागावले नाही. फार.

बुधवार, १७ जानेवारी
सुपरवायझर येऊन गेले. रिपोर्टात एक रकाना आहे: ‘सही करू शकणाऱ्या’. मी शून्य लिहिले. ते म्हणाले, शून्य बरे दिसत नाही. मी म्हटले, बरे दिसत नसले तरी खरे आहे. ते गेल्यावर ते शून्य पुन्हा पुन्हा पाहिले.

रेघा सोडून आधी सही शिकवू का, असे दादांना विचारले. पाया सोडू नये, म्हणाले. पण सही म्हणजे एक प्रकारच्या रेघाच. उद्यापासून सही. ही तडजोड नाही.

मंगळवार, २३ जानेवारी
झुंबरबाईंनी सही केली!! पहिला ‘झुं’ अवघड, पण त्यांनी त्याला असा काही वळसा दिला की मीच बघत राहिले. रजिस्टरातही करून घेतली. रकान्यात एक. संपूर्णपणे खरा एक.

त्यांना विचारले, कसे वाटते? म्हणाल्या, “चांगलं वाटतंय. पर त्यो कागद कवा?” दहा मार्चला, असे सांगितले.

शनिवार, २७ जानेवारी
बाळासो वर्गातच आले. फेटा, पिशवीत साडी, दुसऱ्या पिशवीत कागद आणि शाईचा पॅड. चांगले गृहस्थ वाटले. मला “नमस्कार बाई” म्हणाले.

झुंबरबाईंच्या डाव्या अंगठ्याला ही मोठी हळदीची चिंधी. म्हणाल्या, “विळीनं कापला दादा. शाई लागली तर पिकंल.” बाळासो हळहळले. बरा झाला की येतो, म्हणून उठले.

इथे मी बोलले. बोलणे भाग होते. म्हटले, अंगठ्याची आता गरजच नाही, या सही करतात! रजिस्टर उघडून दाखवले. शिवाय अंगठा काल ठीक होता हेही सांगितले, कारण काल त्यांनी त्याच हाताने पाटी धरली होती आणि मी हजेरी मांडली आहे.

झुंबरबाईंनी अंगठा पदराखाली घेतला. बाळासोंना फार आनंद झाला. “बाई, तुमचं उपकार हायत! बहीण माझी साक्षर झाली की!” मग सही शिरोळच्या नोंदणी कचेरीत साहेबांपुढंच करू, गुरुवारी न्यायला येतो, म्हणाले.

झुंबरबाई हळूच म्हणाल्या, “कागद हितं हाय तवर वाचून तरी दावा.” पण उत्तर आधीच सांगितले तर विद्यार्थ्याची जिज्ञासा मरते. शिवाय दुसऱ्याचा कागद.

अंबूबाई जाताना म्हणाल्या, “बाई, तुमी लई खऱ्या हाय.” स्तुती असावी.

सोमवार, २९ जानेवारी
झुंबरबाई म्हणाल्या, “आता तुमीच चला गुरुवारी शिरोळला. साहेबापुढं मोठ्यानं वाचा. एवढंच करा.”

मार्गदर्शिकेत स्पष्ट आहे: शिकणाऱ्याला स्वावलंबी करावे. तरी अपवाद म्हणून जाईन. दादांना सांगितले. पुरुषांनी भरलेली कचेरी असते, म्हणाले. जाऊ नको असे म्हणाले नाहीत. सात वीसची गाडी. जाणारच.

गुरुवार, १ फेब्रुवारी. सकाळी साडेनऊ
गेले नाही. डोके दुखत होते.

दहा वाजता
दुरुस्ती. डोके दुखत नव्हते. सहा वाजता तयार होऊन बसले होते. उंबऱ्यापर्यंत गेले. सगळ्या पुरुषांसमोर उभे राहून मोठ्याने वाचायचे. सात वीस झाले. सात तीसला हायसे वाटले. हेही लिहून ठेवते.

एव्हाना सही झाली असेल. ती करायला मीच शिकवले.

शुक्रवार, २ फेब्रुवारी
झुंबरबाई वर्गाला आल्या! हातात पिशवीभर वांगी, भावाने दिलेली. सही केलेली नाही.

झाले ते असे. गाडीत बाळासोंना झोप लागली. झुंबरबाईंनी पिशवीतून कागद काढून कंडक्टरला दिला. त्याने हातकणंगले ते जयसिंगपूर एवढ्यात सगळा वाचून समजावला. मधे तिकिटेही फाडली. (माझे छत्तीस पाठ.) शेवटी लिहिले होते, ‘मजकूर स्वतः वाचून, समजून, राजीखुशीने सही केली.’

साहेबांपुढे झुंबरबाई म्हणाल्या, “ह्ये खोटं हाय. मला माझ्या नावाबिगर काय वाचता येत न्हाय. आमच्या बाई लई खऱ्या हायत, त्या म्होरं बसून वाचतील तवाच सही.” साहेबांनी पुढची तारीख दिली.

मी विचारले, थेट नाहीच का म्हटले नाही? कंडक्टरकडून सगळे कळले होते ना?

म्हणाल्या, “भावाला तोंडावर न्हाय म्हटलं की माझं माहेर तुटतंय. बाई वाचाय लागल्यात म्हटल्यावर कुणाचंच काय तुटत न्हाय. मी सही करत न्हाय, त्ये ठरलंय. तुमी फकस्त या. हळू वाचा. रेघा शिकवता तसं. पाचला कचेरी बंद हुती. मग फुडची तारीख.”

अंबूबाई म्हणाल्या, “ह्ये काम मातर बाईंना झ्याक जमंल.”

मी हो म्हटले. पुरुषांनी भरलेली कचेरी आठवली, तरी हो म्हटले. साहेबांच्या वहीत माझे नाव लिहिले गेले आहे. दादांना आज सांगायचे.

पुढची तारीख: गुरुवार, १५ फेब्रुवारी १९७९. सकाळी सात वीसची शिरोळ गाडी. साडेसहाला स्टँडवर पोचायचे.