कृष्णद्रव्याचं प्रवचन

टेंभुर्णी,
२४ मे

प्रिय अप्पा,

बिभीषणकाका उद्या पीठ-मीठ घेऊन शहागडला तुमच्याकडे, मेंढ्यांच्या वाड्यावर निघालेत, त्यांच्या हाती हे पत्र देते आहे. फोन का केला नाही, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुम्ही "सगळं बराबर हाय ना? मंग ठेव" म्हणता आणि माझं निम्मं बोलणं तोंडातच राहतं. हे निम्मं सांगून भागणारं नाही. चष्मा आईने पिशवीत घातलाय, सावकाश वाचा. बारा जूनच्या आत मला पुण्याला एम.एस्सी.चा प्रवेश पक्का करायचा आहे. तुम्ही हो म्हणालात, पण हे पत्र वाचून कदाचित नाही म्हणाल. तरी शेवटपर्यंत वाचा.

घरी सगळं ठीक आहे. तुम्ही मागे ठेवून गेलेल्या मेंढीचा पाय बरा झाला. इतका बरा झाला की ती आता आईचा कढीपत्ता खायला मागच्या पायांवर उभी राहते. आई तिला रोज विकायला काढते आणि रोज संध्याकाळी तिच्यापुढे भाकरीचा तुकडा टाकते.

आता तुम्ही जाताना देवळात माझ्या भाषणाचा कार्यक्रम ठरवून गेलात, त्याचं सांगते. देवळाचा कारभार बघणाऱ्या काकासाहेबांनी मला विषय कागदावर लिहून मागितला. मी लिहिलं, "कृष्णद्रव्य आणि दीर्घिका". त्यांना दीर्घिका म्हणजे काय ते कळलं नाही, म्हणून त्यांनी ती गाळली. दुसऱ्या दिवशी मारुतीच्या देवळापुढच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं होतं, "कृष्णद्रव्य : ह.भ.प. प्रांजलीताई यांचे प्रवचन". वर भोंग्यावरून तीनदा पुकारा. मी संध्याकाळी सहाला पोचले तर अंगण भरलेलं, बायकांच्या हातात नारळ, आणि हरिओमदादा मृदंगाला कणीक लावून तयार. काकासाहेबांनी मला हार घातला. पहिल्या रांगेत द्वारकाबाई डोक्यावरून पदर घेऊन हात जोडून बसल्या होत्या. माझ्यापेक्षा पन्नास वर्षांनी मोठ्या, आणि मला नमस्कार करत होत्या.

खरं सांगते अप्पा, एक क्षण वाटलं, कृष्णापासून सुरुवात करावी आणि हळूच ताऱ्यांकडे वळावं. हरिओमदादाने तर एक थापही मारली. पण मला ते जमेना. मी म्हणाले, इथे कृष्ण म्हणजे काळं आणि द्रव्य म्हणजे पदार्थ, ही देवाची गोष्ट नाही, विज्ञानाची आहे. मग द्वारकाबाई म्हणाल्या, "म्हंजे किस्नदेव मधी येनारच न्हाई?" मी म्हटलं, नाही. "मंग ह्या नारळाचं काय करू, बाई?" सगळं देऊळ हसलं. काकासाहेब फळ्याकडे बघायचं टाळत म्हणाले, "आता बसलोच हाव तं सांग. पण जल्दी."

मी तुमची गोफण सोबत नेली होती. ती रिकामीच फिरवून दाखवली. गोफण जितक्या जोरात फिरवावी तितकी हाताने ओढ जास्त धरावी लागते, नाहीतर धोंडा सुटतो, हे मी त्यांना शिकवावं असं काहीच नव्हतं. मग सांगितलं, दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा मेळा. आपली आकाशगंगा त्यातलीच एक. हे सगळे तारे मध्याभोवती फिरतात. कडेचे तारे लांब, त्यांच्यावर ओढ कमी, म्हणून त्यांनी हळू फिरायला हवं. पण मोजलं तेव्हा तेही आतल्यांच्याच वेगाने पळताना दिसले. दिसणारे सगळे तारे आणि वायू यांची ओढ एकत्र केली तरी त्या वेगाला पुरत नाही. एवढ्याच ओढीवर कडेचे तारे कधीच सुटून गेले असते. म्हणजे न दिसणारं आणखी काहीतरी त्यांना ओढून धरतंय, आणि ते दिसणाऱ्या पदार्थाच्या पाचपटीहून जास्त आहे.

"दिसत न्हाई, तं हाय कशावरनं?" द्वारकाबाईंनीच विचारलं. मी ह्याच प्रश्नाची तयारी करून गेले होते आणि नेमकी तीच विसरले. मग आपली वाघर आठवली. म्हटलं, दिवस मावळताना रस्त्यावरून बघा, शेतात बसवलेल्या मेंढ्या दिसतात, भोवतीचं जाळं दिसत नाही. पण त्या रानभर पांगत नाहीत, यावरून वाघर लावलेली आहे हे कळतं. आणि मेंढ्या आत येण्याआधी वाघर लावावी लागते. विश्वातही तसंच झालं असावं. आधी हे द्रव्य जागोजागी गोळा झालं, त्याच्या ओढीने वायू आत आला, त्यातून तारे झाले, दीर्घिका झाल्या. फरक एवढाच की वाघर अडवते आणि हे द्रव्य ओढतं. ते काळंसुद्धा नाही, प्रकाश त्यातून आरपार जातो. नाव मात्र तसं पडलं.

यावर द्वारकाबाई खूश झाल्या. "दिसत न्हाई, पन समद्याला धरून हाय. मंग देव अजून काय येगळा अस्तोय?" बायकांनी माना हलवल्या, काकासाहेबांचा चेहरा उजळला. तिथेच हात जोडले असते तर सगळ्यांचं समाधान झालं असतं. पण मी म्हणाले, आजी, देवाला कुणी मोजत नाही, आम्ही याला मोजतो. आणि उद्या आमचं मोजमाप चुकलं असं निघालं, तर आम्हाला हे सोडूनही द्यावं लागेल. त्या नारळ घेऊन उठल्या. मग म्हणाल्या, "ह्या पोरीला लबाडी बिलकुल जमायची न्हाई," आणि पायरीवर नारळ फोडून मला पहिला तुकडा दिला.

अप्पा, तो तुकडा माझ्या हक्काचा नव्हता, आणि त्यासाठीच हे पत्र आहे. पुण्याला जाऊ का, असं मी तुम्हाला दोनदा विचारलं होतं आणि दोन्ही वेळा तुम्ही नाही म्हणालात. तिसऱ्यांदा मी म्हणाले, मला कृष्णद्रव्याचा अभ्यास करायचा आहे. तुम्ही हात जोडलेत आणि म्हणालात, "किस्नाच्या कामाला मी न्हाई कसं म्हनू?" तुमचा घोटाळा झालाय हे मला त्याच वेळी कळलं होतं. मी गप्प बसले. गावाला खरं सांगायला मला एक मिनिट लागलं, तुम्हाला सांगायला दोन महिने. म्हणून तो होकार मी तुम्हाला परत करते आहे. आता नीट विचारते. ज्यात देव नाही, जे अजून कुणी पाहिलेलं नाही, ते शोधायला मी पुण्याला जाऊ का? उत्तर बिभीषणकाकांच्या हाती पाठवा. हो असेल तर एक अक्षर पुरे. नाही असेल तर कारण लिहा, म्हणजे मला भांडता येईल.

तुमचीच,
प्रांजली