फोन उचलू नका

शनिवार, २६ ऑगस्ट १९८९

ती. नाथाभाऊजी यांना गुणाजीचा साष्टांग नमस्कार. (खरोखरचा साष्टांग इथे घालता येत नाही. कंपनीने दिलेली खोली इतकी आखूड आहे की डोकं खिडकीपाशी टेकवलं तर पाय बाहेर जिन्यात येतील आणि मालकीणबाई पोलीस बोलावतील. तेव्हा बसूनच घालतो, पोचलेला समजावा.) शेवंतीताईचे गुडघे कसे आहेत? नौपाड्यातलं दुकान उघडं आहे ना, की पुन्हा रस्ता खणलाय? लोकांची घड्याळं दुरुस्त करता करता तुमची मान धरायची, तिला तेल लावता का? माझं विचाराल तर मी बटाट्यावर जिवंत आहे. सकाळी बटाटा, दुपारी बटाटा, संध्याकाळी बदल म्हणून थंडगार बटाटा. पण भाऊजी, हे पत्र बटाट्याचं नाही. मी पार खचलो आहे. मला मूल झालं आहे की नाही, हे मला माहीत नाही.

तुम्ही म्हणाल, हे कसं? पहिल्यापासून सांगतो. मंजुळा पहिल्या बाळंतपणाला मानपाड्याला माहेरी गेली आणि त्याच आठवड्यात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आमच्या कोलशेतच्या कारखान्यात पाकिटं भरायचं नवं मशीन येणार, ते शिकायला दहा आठवडे जर्मनीत कोण जाणार, तर गुणाजी. दुसरा कोणी असता तर नाचला असता. मीही नाचलो, खोटं कशाला बोलू, पण घरी येऊन बोटांवर दिवस मोजले. बाळंतपण नेमकं मधोमध येत होतं. मंजुळाच म्हणाली, जा तुम्ही, तुम्ही इथे राहून काय करणार, दवाखान्याबाहेर विड्या ओढणार. (मी विडी ओढत नाही. पण ती रागात असली की मला तिच्या बापाच्या सवयी लागतात.)

मानपाड्यात सासऱ्यांच्या आळीत फोन एकच, शेजारच्या दामाजीकाकांकडे. वीटभट्टीच्या धंद्यासाठी त्यांनी नऊ वर्षं वाट पाहून तो मिळवला. त्याच्यावर विणलेला रुमाल असतो आणि दसऱ्याला त्याला झेंडूचा हार घालतात. निघायच्या आदल्या रविवारी मी सगळ्यांना त्या फोनभोवती बसवून माझी योजना सांगितली. भाऊजी, त्या योजनेचा मला फार अभिमान होता. आता तो शब्द लिहितानाही लाज वाटते. योजना अशी: इथल्या सार्वजनिक फोनमध्ये आधी नाणं टाकायचं, समोरच्याने फोन उचलला नाही तर नाणं परत खाली पडतं. म्हणून मी दर बुधवारी आणि रविवारी, आपल्याकडचे दुपारचे चार वाजले की फोन करणार. काही बातमी नसेल तर कोणीही उचलायचा नाही. सहा वेळा वाजेल, मी ठेवून देईन, समजेन की सगळं ठीक. बातमी असेल तरच उचलायचा आणि लगेच सांगायचं, मुलगा की मुलगी, आणि मंजुळा कशी आहे. बस. सगळ्यांनी माना हलवल्या. दामाजीकाका तर म्हणाले, गुणाजी, तुझ्या डोक्याला मानलं पाहिजे. मी चहा पिऊन निश्चिंत उठलो.

पहिला बुधवार. जेवणाच्या सुट्टीत कारखान्यासमोरच्या पिवळ्या काचेच्या खोक्यात शिरलो, नाणं टाकलं, नंबर फिरवला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत फोन उचलला गेला. अजून महिन्याभराचा अवकाश, आणि उचलला म्हणजे काय झालं असेल? पलीकडून दामाजीकाकांचा आवाज, ते भट्टीवर ओरडतात त्याच पट्टीत: ‘‘गुणाजी! काय बातमी नाय हां! समदं ठीक हाय! म्हटलं पोरगा काळजीत असेल, सांगून टाकू!’’ आणि खळ्ळकन माझं नाणं पोटात गेलं. मी म्हटलं, काका, बातमी नसेल तर उचलायचा नाही असं ठरलंय ना? तर म्हणाले, ‘‘अरे ते मला ठाव हाय, पण घरात फोन वाजतोय नि आपण नुसतं बघत बसायचं? दारात पाव्हणा उभा असून आत न घेण्यासारखं झालं ते.’’

रविवारीही तेच. त्याच्या पुढच्या बुधवारी त्यांच्या सखुबाईंनी उचलला आणि जेवलास का, काय जेवलास, बटाट्याचं काय केलेलं, तेल कसलं, अशी चौकशी केली. (बाईमाणूस मायेनं विचारतंय, तोडून कसं बोलायचं? मी भाजीची कृती सांगत उभा, मागे तीन जर्मन रांगेत.) एकदा काकांना वाटलं, जावयाचा फोन, सासूबाईंशी बोलणं व्हायला हवं. ‘‘थांब, गंगुबाईला हाळी देतो,’’ म्हणून रिसीव्हर टेबलावर ठेवून गेले. मला आळीतली कोंबडी ऐकू येत होती, कुणाचा तरी हातपंप ऐकू येत होता, आणि एकेक नाणं खाली जाताना ऐकू येत होतं. सासूबाई धापा टाकत आल्या, ‘‘हॅलो’’ म्हणाल्या आणि फोन बंद पडला. मंजुळाला मात्र कोणी कधी बोलावलं नाही, कारण दिवस भरत आलेल्या बाईने पळू नये. म्हणजे आळीतली कोंबडी धरून सगळ्यांशी माझं बोलणं झालं, बायको सोडून.

शेवटी माझा संयम सुटला. सहा ऑगस्टला, रविवारी, फोन ठेवल्या ठेवल्या मी दामाजीकाकांना पत्र लिहिलं. सौम्य शब्दांत लिहायचं ठरवलं होतं, पण खोलीवर येऊन बटाटा पाहिला आणि हात गरम झाला. पाठ आहे मला, उतरवतो: ‘‘दामाजीकाका, यापुढे कृपा करून फोन उचलू नका. मला कोणाशीही बोलायचं नाही. आजवर झालं तेवढं पुरे झालं. परक्या मुलखात मी या भुर्दंडाला कंटाळलो आहे. मंजुळालाही हे वाचून दाखवा.’’ मंजुळाचं एवढ्यासाठी लिहिलं की ती तरी त्यांना आवरेल. पत्र पेटीत टाकलं आणि मला हलकं वाटलं. टपाल पोचायला पंधरा दिवस लागतात हे माहीत होतं, म्हणून पुढचे तीन फोन मी निमूटपणे भरले.

आणि मग गेला रविवार, वीस तारीख. फोन पहिल्या रिंगला उचलला, त्यात नवीन काही नाही. पण काकांचा आवाज वेगळा होता. ‘‘गुणाजी, बातमी हाय!’’ मी काचेला हात टेकून उभा राहिलो. म्हटलं, काय? ‘‘बातमी हाय, पण मी नाय सांगणार. पहिलटकरणीची बातमी. ती द्यायचा मान तिच्या आईचा. मी परका माणूस, मी सांगितलं तर बरं दिसत नाय. गंगुबाई डोंबिवलीला दवाखान्यात हाय, संध्याकाळपर्यंत येईल, थांब तू.’’ भाऊजी, थांब! तीन नाण्यांवर संध्याकाळपर्यंत थांब! मी हाता-पाया पडलो, काका, निदान मंजुळा बरी आहे ना एवढं तरी सांगा. ‘‘त्येच तर गंगुबाई सांगेल ना!’’ असं म्हणाले आणि शेवटचं नाणं गेलं. खिसे उलटे केले, काही नव्हतं. मागच्या म्हाताऱ्या जर्मन बाईने माझ्या तोंडाकडे पाहून मला तिच्या पिशवीतलं सफरचंद दिलं.

दुसऱ्या दिवशी खिसा भरून नाणी घेऊन गेलो. वाजला, वाजला, कोणी उचलला नाही. नाणं परत आलं. मंगळवारी तेच, बुधवारी तेच, काल तेच. दीड महिना मी ज्यासाठी देवाला नवस बोलायचं तेवढं बाकी ठेवलं होतं, ते आता होतंय. माझं पत्र सोमवारी पोचलं असणार आणि आयुष्यात पहिल्यांदा दामाजीकाका कुणाचं तरी ऐकताहेत. योजनेप्रमाणे न उचलला तर बातमी नाही. पण बातमी आहे! मग ती चांगली असती तर त्यांना राहवलं असतं का? रात्रीची झोप गेली आहे. मशीनवर परवा पाकिटात पावडरीऐवजी नुसती हवा भरली आणि शिकवणाऱ्या साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तार करावी म्हटलं, तर आपल्याकडे तार आली की आधी रडून घेतात आणि मग वाचतात. ओल्या बाळंतिणीच्या दारात तार कशी पाठवू? ताईच्या दारातही नको, तिचं हृदय तुम्ही जाणता.

म्हणून तुम्हाला गाठतोय. हे पत्र हाती पडेल तेव्हा दुकान बंद करा, मानपाड्याला जा, मंजुळाला डोळ्यांनी पाहा आणि मला लिहा. मुलगा असो, मुलगी असो, माझं काही मागणं नाही. ती बरी आहे एवढंच लिहा. दामाजीकाकांना माझा राग सांगितलात तरी चालेल, आणि चांगल्या शब्दांत सांगायची गरज नाही.

आपला आज्ञाधारक,
गुणाजी

ता. क. रविवार, २७. पाकीट बंद केलं नव्हतं म्हणून बरं. आज फोन अकराव्या रिंगला उचलला गेला. मी दम धरून उभा. मागून सासूबाई ओरडत होत्या, ‘‘अगं मंजुळे, कान बांध, वारा लागंल!’’ म्हणजे भाऊजी, आठ दिवसांची बाळंतीण, उंबरा ओलांडायचा नाही ती दोन घरं चालून आली होती. ती म्हणाली, ‘‘मुलगी आहे. एकोणीसला झाली. काका म्हणाले, रविवारीच तुम्हाला बातमी सांगितली. आणि सोमवारी तुमचं पत्र आलं. आळीत सगळ्यांसमोर वाचून झालं. झालं तेवढं पुरे झालं म्हणता ना, मग आता तुमची नाणी खिशात ठेवा.’’ आणि ठेवून दिला. मी आठ नाणी टाकली होती, सात परत आली. ती सात हातात घेऊन मी तिथेच बसलो. म्हातारी पुन्हा आली, आज तिच्याकडे सफरचंद नव्हतं, नुसतीच बाजूला उभी राहिली.

ता. ता. क. वरचं काकांना राग सांगा वगैरे खोडा. मला खोडवत नाही. मानपाड्याला जाताना माझं ते सहा ऑगस्टचं पत्र मागून घ्या आणि वरच्या कोपऱ्यातली तारीख सगळ्यांना दाखवा. पोरगी जन्मली एकोणीसला, म्हणजे ते पत्र तिच्याबद्दल नव्हतंच. तुम्ही घड्याळवाले आहात, तारीख-वेळेच्या बाबतीत तुमचं कोणी खोटं मानणार नाही. आणि जाताना नौपाड्यातून पेढे घ्या. बर्फी नको, पेढेच, मुलगा झाल्यावर वाटतात ते, सगळ्या आळीला पुरतील इतके. पहिला पेढा दामाजीकाकांना. दुसरा मंजुळाच्या हातावर ठेवा. तिने खाल्ला की फेकला ते मला खरं खरं लिहा.

शेवटचं. काकांना सांगा, गुणाजी पाया पडतो आणि म्हणतो, दर बुधवारी चार वाजता फोन पहिल्याच रिंगला उचला. मंजुळाला लगेच बोलावू नका. आधी पाच मिनिटं तुम्हीच बोला, भट्टीचं, कोंबडीचं, हवं ते. नाणी मी जमवून ठेवली आहेत. तिच्याशी काय बोलायचं हे मला तोवर सुचलं तर सुचेल.