उखाण्याचा कर्णा

७ एप्रिल १९४६, सातारा
काल सांगलीहून शालूचे वडील आमच्या कर्ण्यांच्या दुकानात आले आणि तिच्या लग्नाचा कर्णा आमच्याकडे ठरवून गेले. तिथी दाट, सांगलीतले कर्णे सगळे गुंतलेले, म्हणून इथवर आले. मी बाकाखाली वायर शोधत होतो, तसाच वाकून राहिलो. म्हणाले, "पोरीचा उखाणा साऱ्या पेठेला ऐकू गेला पाहिजे."
जेवलो. झोपही लागली. राग यायला हवा होता.

९ एप्रिल
मालक गणपतराव : "मागल्या लग्नात लोक इचारत हुते, भटजी म्हणतोय का भुंगा? ह्या बारीला घरघर आली तर तुलाच कर्ण्यात घालून वाजवीन, कालिजकुमार."
सांगलीतलं कॉलेज अर्धवट सुटलं त्यावरून हे नाव. शालूला पाहून एकानं शीळ घातली, मी त्याचं नाक फोडलं, माफी मागितली नाही म्हणून काढून टाकलं. त्या दिवशी घाटावर शा. म्हणाली, दुसऱ्या कुणाचं नाव माझ्या तोंडून यायचं नाही.

१४ एप्रिल
घरघर कर्ण्यात नाही, आवाज वाढवणाऱ्या मशीनच्या विजेत. त्यातला व्हॉल्व्ह तारेवरून येणारी वीज एका दिशेची करतो, पण ती लाटालाटांनी येते. सपाट करायचं काम कंडेन्सरचं. आमचा सुकलाय.
तसाच ठेवला तर उखाण्यातलं नाव कुणालाच धड कळणार नाही. मलाही.

१९ एप्रिल
लष्करी लिलावातला माल आला. नवे कंडेन्सर, तारेच्या वेटोळ्याचा जाडजूड चोक. बसवले. तरी थोडी घुं. चोक ट्रान्सफॉर्मरला खेटून होता. लांब सरकवून आडवा फिरवला. गेली. कर्ण्याला कान लावून बसलो. काही म्हणजे काही नाही.
स्विच बंद करून आत हात घातला. कंडेन्सरमध्ये साठलेली वीज काढायची राहिली होती. भिंतीवर आपटलो.
गणपतराव : "आरं, जित्ता हाईस का?"
"हाय."
"मग बोंबल की जरा!"
बोंबलावंसं वाटलं नाही.

३ मे, सांगली
मोटारीत मशीन मांडीवर. मांडवामागच्या कोठीत लावलं. शा. दारात आली, हळद लागलेली.
"तू आलास?"
"मशीन आणलंय."
"आवाज नीट येतो?"
"श्वाससुद्धा जातो."
गेली.

४ मे
लग्न लागलं. पंगतीत घास द्यायच्या वेळी मायक्रोफोन तिच्यापुढे. बायका : "घे गं नाव, लाजतीस काय!"
"कृष्णेच्या पाण्यात सोडले दिवे..."
पुढे नाही. नुसता श्वास. घरघर असती तर तोही कुणाला...
गणपतराव धावत आत. "लेका, बंद पडलं काय रं?"
"चालू आहे."
"मग आवाज का न्हाई?"
"ती बोलत नाही."
तसेच मांडवात परत गेले. व्हॉल्व्ह लाल. बंद केलं तर दोष मशीनवर जाईल. हात स्विचवर गेला, परत घेतला. कर्ण्यात अजून श्वासच. मशीन तसंच चालू ठेवून कोठीबाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.