एक वस्तू, एकच जागा

४ ऑक्टोबर
त्या सकाळी मी उशांचे अभ्रे भिजत घातले होते, दूध गॅसवर होतं, आणि हे खिडकीत बसून चष्म्याची मोडकी काडी दोऱ्याने बांधत होते. दूध उतू गेलं. मी ओरडले, तर म्हणाले, अगं, तू दुधावर लक्ष ठेव म्हणालीस, थांबव कुठे म्हणालीस? ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. आज कामावर निघताना ती सकाळ आठवली आणि मी भर रस्त्यात एकटीच हसले.

होय, कामावर! या वयात! नणंदेनेच लावून दिलं. वन्सं वस्तुसंग्रहालयात वर्गीकरणाच्या प्रमुख आहेत. लोक आपल्या गेलेल्या माणसांच्या साध्यासुध्या वस्तू इथे आणून देतात. आम्ही वर्णन लिहायचं, विषय ठरवायचा, क्रमांक लावायचा आणि शेल्फवर ठेवायचं. माझी शाळा अर्धवट सुटलेली, वाचनाचं वेड तेवढं सुटलं नाही. वन्सं म्हणाल्या, वहिनी, तुझ्याइतकं बारीक कुणी बघत नाही. टेबल खिडकीपाशी आहे. गोंद, कात्री, मऊ फडकं, सगळं नवं. फार बरं वाटलं.

८ ऑक्टोबर
शिकतेय. वर्णन असं हवं की वस्तू कधीच न पाहिलेल्यालाही ती दिसावी. आज एक गृहस्थ वडिलांची छत्री घेऊन आला. काळी, एक काडी वाकलेली, लाकडी मुठीवर दातांच्या खुणा. वस्तू आणणाऱ्याला विचारत राहायचं, त्याच्याकडे सांगण्यासारखं काही उरणार नाही तोवर. मग माझं अडलं. ही पावसाळी सामानात घालू की वडिलांमध्ये? दोन्हीकडे नोंदवू का, म्हटलं. वन्संनी कपाळावर हात मारला. एक वस्तू, एकच जागा, म्हणाल्या. इथे आली की दुसरीकडे नाही.

संध्याकाळी त्यांच्याकडे चहा. एकटी बसू नको, म्हणून रोज बोलावतात. दादाचं काहीतरी सांग ना, म्हणतात. आज उतू गेलेल्या दुधाची गोष्ट सांगितली, तर पोट धरून हसल्या. पुढे काय, पुढे काय, करत राहिल्या. इतक्या दिवसांनी कुणी ऐकणारं भेटलं.

१३ ऑक्टोबर
छत्रीवाला आज आला होता. शेल्फसमोर रेंगाळला. मी छत्री काढून दाखवली, तर विचारतो, कोणाची हो ही? अहो, तुमच्या वडिलांची, मी म्हटलं. शाळेबाहेर तुमची वाट बघताना मूठ चावायचे, तुम्हीच सांगितलंत. तो म्हणाला, असं होय, चांगला माणूस दिसतो. आणि गेला. मला आधी थट्टाच वाटली. वन्संकडे बघितलं. त्या हसत नव्हत्या.

१९ ऑक्टोबर
ह्यांचा चष्मा शेल्फवर आहे. दोरा बांधलेला, क्रमांक लावलेला. शेजारी दाढीचा ब्रश, हातरुमाल. सगळं माझ्या कपाटातलं. एकटी असताना आजारी पडले तर असू दे, म्हणून घराची किल्ली मीच वन्संना दिली होती. खालच्या वर्णनातले शब्दही माझेच, चहाच्या वेळचे, जसेच्या तसे.

विचारलं. खोटंसुद्धा बोलल्या नाहीत. एका माणसाच्या डोक्यात ठेवलेलं म्हणजे हरवलेलंच गं, म्हणाल्या. उद्या तू गेलीस की दादा दुसऱ्यांदा जाईल. इथे तो राहील. मला भाऊ एकच होता.

मला नवरे किती होते, असं विचारायचं होतं. तोंड उघडलं, पण मला ह्यांचा आवाज आठवत नव्हता.

२१ ऑक्टोबर
दाराचं कुलूप बदललं. काय उपयोग? लग्नाचा दिवस सांगून झालाय. आजारपण सांगून झालंय. भांडणंसुद्धा — किती मायेने ऐकली त्यांनी भांडणं.

या वहीचं पहिलं पान वाचलं. अक्षर माझं. खिडकीत बसलेला माणूस कोण ते कळतं, पण — वाचून कळतं. छत्रीवाल्याला कळलं तसं. निदान कागदावर तरी आहे.

२३ ऑक्टोबर
वन्सं दाराबाहेर बसल्या. रडल्या. खरंच रडत होत्या, तेच वाईट. वहिनी, तुझ्याकडे काहीतरी उरलंय, मला माहीत आहे. तेवढं दे. दादा अर्धवट राहिलाय.

दार उघडलं नाही.

उरलंय. एकच. कुणालाही सांगितलेलं नाही. चेहरा नाही त्यात, फक्त — नको.

२४ ऑक्टोबर
भाजी चिरताना क्षणभर ते नव्हतंच. सुरी खाली ठेवली, डोळे मिटले. आलं परत. पुढच्या वेळी नाही आलं तर —

इथे शेल्फ नाही. क्रमांक नाही. वही माझी, स्वयंपाकघर माझं. लिहून ठेवलं तर माझ्यापाशीच राहील. पुढच्या पानावर लिहिते. नीट, शिकले तसं. काही म्हणजे काही न सोडता —

२५ ऑक्टोबर
आज कामावर गेले. वहीतलं एक भरलेलं पान फाडून वन्संच्या हातात दिलं. वर्णन चांगलं उतरलं आहे. त्यांनी ते वाचलं आणि डोळे पुसले. विषय काय, असं विचारलं. मी म्हटलं, कोणी एक गृहस्थ होते, ते आपल्या बायकोला —