निशिगंधाच्या दहा काड्या

माय, तुझी नात चार दिवस राहून बंगळुरूला परत गेली. जाताना सदर बाजारातून निशिगंधाच्या दहा काड्या आणून दिल्या. म्हणाली, "बाबा, घर रिकामं नको वाटायला." ती गेली आणि मी पावशी, तुझी ती जुनी विळी, काढली. देठं तिरपी कापली, पाण्यात बुडतील ती पानं खुडली आणि काड्या पाणी भरलेल्या गडव्यात घालून तो माठाशेजारच्या ओल्या रेतीत ठेवला. हे सारं तुझंच.

तू शाळेत शिपाई होतीस. समारंभ संपला की पाहुण्यांचे गुच्छ टेबलावरच राहून जायचे. ते पदराखाली झाकून तू घरी आणायचीस आणि आठ-आठ दिवस जगवायचीस. मी नोकरीला लागलो, घरात पहिला कूलर आला, तेव्हाची एप्रिलमधली दुपार आठवते. फुलांनाही गारवा मिळावा म्हणून मी तुझा गडवा कूलरसमोर ठेवला आणि शाळेत शिकलेली फुलांची कविता मोठ्यानं म्हणत खाटेवर पडलो. तू कामावरून येतेस, दारातच थबकतेस. "काहून ठेवले गा तिथं? त्यायले काय घाम येऊन राहिला?" मी म्हणतो, "गरम होत होतं त्यांना." "वाऱ्यानं सुकतात ते! कविता पाठ हायेत तुले, अन् फुलं मारून टाकतं." मी हसलो. तू हसली नाहीस. माना टाकलेल्या फुलांतून जगतील ती निवडत संध्याकाळपर्यंत बसलीस, आणि मी पुढची कडवी मनातच म्हटली.

आता चुकत नाही. रोज सकाळी पाणी बदलायचं, देठ बोटभर कापायचं, खालची सुकलेली फुलं काढायची, म्हणजे वरच्या कळ्या उमलतात. आणि एक नवलच झालं, माय. एरवी मुलीचा फोन फक्त रविवारी. गोळी घेतली का, जेवलात का, की संपलं. फुलं आल्यापासून रोज येतो. "बाबा, आज किती उमलली?" मी मोजून सांगतो, वास कसा दरवळला ते सांगतो, मध्येच एखादी ओळ म्हणतो. ती ऐकते. परवा तर भाजी फोडणीला टाकता टाकता पाव तास बोलली.

आज सकाळी मी म्हणालो, "शेंड्याची एक कळी राहिलीय, उद्या उमलेल." ती म्हणाली, "मग उद्या सांगा हं."

हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून तुला सांगतो. काड्या चार दिवसांपूर्वीच कचऱ्याच्या गाडीत गेल्या.